परदेशात शिकणारे मूल कायद्याच्या अडचणीत सापडले तर : नाशिकच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा गट कोणाचा आहे आणि तो नेमके काय करतो?

नाशिक शहर, ओझर, पिंपळगाव, निफाड आणि सिन्नर या भागांतील ज्या घरांमधली मुले परदेशात शिकत आहेत किंवा शिकून परतली आहेत, अशा पालकांचा हा गट आहे. आमच्यात वकील आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत, शिक्षक आहेत. परंतु आम्ही कोणाचे वकीलपत्र घेत नाही, शुल्क घेत नाही आणि परदेशातील कायद्याबद्दल सल्लाही देत नाही. तेथील योग्य वकिलापर्यंत पोहोचवणे, कागदपत्रे जमवणे, दोन देशांच्या घड्याळांचा मेळ घालणे आणि फोनची वाट पाहत बसलेल्या आईवडिलांजवळ बसून राहणे, हे आमचे काम आहे. पुढील उत्तरे दिशा कळावी म्हणून दिली आहेत. प्रत्यक्ष निर्णय त्या देशातील वकिलाला विचारूनच घ्यावा.

मध्यरात्री फोन आला की मुलाला अटक झाली आहे, ताबडतोब पैसे पाठवा. सर्वप्रथम काय करावे?

पैसे पाठवू नयेत. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा, तो लागला नाही तर त्याच्या खोलीतील सोबत्याला आणि मग विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारावे. असे खोटे फोन मोठ्या प्रमाणावर येतात. मागे रडणारा आवाज ऐकवला जातो, तो आता यंत्राच्या साहाय्याने अगदी आपल्या मुलासारखाही काढता येतो, आणि विचार करायला उसंत मिळू नये म्हणून फोन चालू ठेवण्याचा आग्रह धरला जातो. कोणत्याही देशाचे पोलीस पालकांकडून यूपीआयने जामिनाची रक्कम मागत नाहीत. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

बातमी खरी निघाली तर एक वही घ्यावी. निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार वडिलांनी खुडणीच्या मजुरांचा हिशेब ठेवायच्या दोनशे पानी वहीतच डावीकडे नाशिकची वेळ, उजवीकडे अमेरिकेची वेळ, आणि मध्ये कोणाशी काय बोलणे झाले ते लिहायला सुरुवात केली होती. शहराचे व परगण्याचे (काउंटीचे) नाव, पोलीस खात्याचे नाव, अटकेचा किंवा खटल्याचा क्रमांक, पुढच्या सुनावणीची तारीख आणि वकिलाचे नाव एवढ्या पाच गोष्टी त्या वहीत असल्यामुळे पुढे प्रत्येक फोनला नव्याने सगळे सांगावे लागले नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कुटुंबाला आधी वही काढायला सांगतो.

तुरुंगातून मुलाचा फोन आला तर त्याच्याशी काय बोलावे?

हा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे, कारण सर्वांत मोठे नुकसान याच फोनवर होते. आईवडिलांच्या तोंडून पहिला प्रश्न सहज निघतो, “खरं सांग, काय झालं?” हा प्रश्न विचारू नये. अमेरिकेतील तुरुंगांमधून केलेले फोन सर्वसाधारणपणे ध्वनिमुद्रित होतात, त्याची सूचना फोनच्या सुरुवातीलाच दिली जाते, आणि ते मुद्रण सरकारी पक्ष न्यायालयात वापरू शकतो. आपण मराठीत बोलतो म्हणून कोणाला कळणार नाही, असे समजणे चूक आहे. दुभाषा मिळतो आणि भाषांतर करून घेतले जाते. घाबरलेला मुलगा आईला बरे वाटावे म्हणून “हो, माझी चूक झाली, मी माफी मागतो” असे म्हणाला, तर ते वाक्य कबुलीजबाब म्हणून समोर येऊ शकते.

त्याऐवजी त्याला विचारावे की जेवलास का, औषधे मिळतात का, थंडी वाजते का, वकील भेटला का. आम्ही सगळे इथे आहोत, घरात कोणी रागावलेले नाही, घटनेबद्दल फक्त वकिलाशी बोल, हे सांगावे. एका आईने आमच्या सांगण्यावरून ही वाक्ये कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली होती आणि फोन आला की त्या तिथे उभ्या राहून बोलत. हुंदका आला तरी कागदावरून नजर हलू द्यायची नाही, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते.

त्याने पोलिसांना सगळे खरे सांगून टाकले तर ते सोडून देणार नाहीत का? आमचा मुलगा खोटे बोलणारा नाही.

आपल्याकडे मोकळेपणाने बोलणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाते, आणि म्हणून गप्प राहणे अपराध्यासारखे वाटते. परंतु गप्प राहणे आणि वकील मागणे हा कायद्याने दिलेला अधिकार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मिरांडा खटल्यात असा निर्णय दिला की ताब्यातील व्यक्तीची चौकशी करण्यापूर्वी पोलिसांनी तिला हे अधिकार सांगितले पाहिजेत. विद्यार्थ्याने नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत “मला वकील हवा आहे, वकिलाशिवाय मी उत्तरे देणार नाही” असे म्हणावे. नाव आणि ओळख खरीच सांगावी. खोटे नाव किंवा खोटा कागद देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नियम थोडा वेगळा आहे आणि तो ठाऊक असणे आवश्यक आहे. तेथेही गप्प राहता येते, परंतु चौकशीत न सांगितलेली गोष्ट पुढे न्यायालयात बचाव म्हणून मांडली तर न्यायालय त्याचा प्रतिकूल अर्थ काढू शकते, आणि पोलीस ही सूचना आधीच देतात. त्यामुळे तेथे कधी बोलावे आणि कधी बोलू नये हे वकिलालाच विचारून ठरवावे लागते. पोलीस ठाण्यात अटकेत असलेल्या प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळतो. “वकील मागितला तर संशय वाढेल” या भीतीने मुले तो नाकारतात, ते करू नये. कॅनडात अटकेनंतर विनाविलंब वकिलाशी संपर्क साधण्याचा अधिकार तेथील अधिकारपत्राच्या दहाव्या कलमात आहे, तर जर्मनीत पोलिसांनी पकडलेल्या संशयिताला फार तर दुसऱ्या दिवसाच्या अखेरपर्यंत न्यायाधीशांसमोर उभे करावेच लागते.

भारतीय दूतावास त्याला सोडवून आणेल ना?

नाही, आणि हे आम्ही सुरुवातीलाच सांगतो, कारण खोट्या आशेवर काढलेले दोन दिवस फार महाग पडतात. दूतावास परदेशातील न्यायालयात हस्तक्षेप करू शकत नाही, मुलाचा वकील होऊ शकत नाही आणि त्याला निर्दोष ठरवू शकत नाही.

तो जे करू शकतो तेही थोडे नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटक झालेल्या परकीय नागरिकाला, आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते हे विनाविलंब सांगणे बंधनकारक आहे, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याची भेट घेण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा व त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा अधिकार आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये दिलेला निकाल याच कलमावर आधारलेला होता, त्यामुळे हे नाव अनेक पालकांना परिचित असते. येथे एक बारकावा आहे. कळवण्याची मागणी विद्यार्थ्याने स्वतः करायची असते. त्याने “दूतावासाला कळवू नका” असे सांगितले तर अधिकारी पुढे काही करत नाहीत, आणि काही मुले केवळ घरी कळेल या धास्तीने तसे सांगतात.

पालकांनी आपल्या बाजूने त्या भागाच्या भारतीय महावाणिज्य दूतावासाला ईमेल करावा आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात परराष्ट्र मंत्रालयाचे शाखा सचिवालय आहे, तेथेही जाता येते. खासदारांचे पत्र जोडल्याने पाठपुराव्याला मदत होते. मात्र पत्र मिळेपर्यंत वकील शोधायचे थांबू नये.

तेथील सरकारी वकील चांगला असतो का? खासगी वकील करावाच लागतो का?

पहिल्यांदा शब्दाचा घोळ दूर करू. आपण ज्याला सरकारी वकील म्हणतो तो आरोपीच्या विरुद्ध उभा असतो. अमेरिकेत ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीसाठी न्यायालय जो वकील नेमते तो आरोपीच्याच बाजूचा असतो, आणि १९६३ च्या गिडियन खटल्यापासून गंभीर फौजदारी खटल्यांत असा वकील मिळणे हा हक्क आहे. तो विनामूल्य आहे म्हणून कमी प्रतीचा, असे मानू नये. त्याच न्यायालयात रोज उभा राहणाऱ्या माणसाला तेथील न्यायाधीश आणि तेथील रीत चांगली माहीत असते. त्याच्याकडे कामाचा बोजा मात्र फार असतो.

विद्यार्थ्याच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. फौजदारी खटला आणि व्हिसाचा प्रश्न ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि व्हिसाविषयक न्यायालयात सरकारकडून वकील मिळत नाही. त्यामुळे फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील असे दोघे लागतात आणि त्या दोघांनी एकमेकांशी बोलणे अत्यावश्यक असते. गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढले जाण्याचा धोका आहे का, हे अशिलाला सांगणे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडीया खटल्यात म्हटले आहे. मुलाने हा प्रश्न वकिलाला स्वतःहून विचारावा आणि शक्य तर उत्तर लेखी घ्यावे.

प्रकरण किरकोळ आहे. दंड भरून किंवा समोरच्याशी बोलून मिटवता येणार नाही का?

“मिटवून टाकू” हे आपल्या बोलण्यातले सर्वांत सोपे वाक्य आहे. शेताच्या बांधाचा वाद असो की गल्लीतील भांडण, चार माणसे बसतात आणि प्रकरण मिटते; हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. परदेशातील फौजदारी प्रकरणात मात्र हाच गुण घात करतो. खोलीतील सोबत्याने तक्रार केली असेल आणि आपण त्याच्या नाशिकच्या किंवा हैदराबादच्या घरी फोन करून “तक्रार मागे घे” असे म्हणालो, तर तो साक्षीदारावर दबाव ठरू शकतो. अमेरिकेत घरगुती मारहाणीची तक्रार एकदा नोंदली गेली की खटला चालवायचा की नाही हे सरकारी पक्ष ठरवतो, तक्रारदार नव्हे. तक्रारदाराशी संपर्क न ठेवण्याचा आदेश असेल तर मुलाने पाठवलेला “सॉरी” एवढा एक संदेशही आदेशाचा भंग होतो. आणि अधिकाऱ्याला पैसे देऊ करणे हा तर मूळ गुन्ह्याहून मोठा गुन्हा आहे.

दुकानातून पैसे न देता वस्तू न्यायची चूक रकमेने लहान दिसते, पण तो अप्रामाणिकपणाचा गुन्हा मानला जात असल्यामुळे अमेरिकी व्हिसाच्या दृष्टीने मद्यपान करून गाडी चालवण्याइतकाच तोही जड जाऊ शकतो. दंड भरणे म्हणजे पुष्कळदा गुन्हा कबूल करणे असते. २०२५ च्या वसंतात अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतील नोंदी अचानक रद्द झाल्या, त्यांतील अनेकांच्या नावावर वाहतुकीचा जुना गुन्हा किंवा निकालात निघालेले प्रकरण एवढेच होते. विद्यार्थी न्यायालयांत गेले आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे मान्य केले. ज्यांच्याकडे जुन्या प्रकरणाच्या निकालाची प्रत हाताशी होती त्यांचे काम सोपे झाले, म्हणून वाहतुकीच्या दंडाची पावतीसुद्धा जपून ठेवावी.

कामाच्या तासांचाही येथे उल्लेख करतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक किंवा रोख मजुरीवर काम करणे हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे. शिक्षणसत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे आठवड्याला २० तास, कॅनडात आवाराबाहेर २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे. कर्जाचा हप्ता जड जातो म्हणून “थोडे जास्त काम कर” असे मुलाला फोनवर सांगणारे पालक आम्ही पाहिले आहेत. ते कोणत्या ओझ्याखाली तसे म्हणतात हे आम्हाला कळते, तरीही कृपया तसे सांगू नये.

जामिनाचे पैसे नाशिकहून कसे पाठवावेत? आपला गट वर्गणी काढतो का?

आधी वकिलाला विचारल्याशिवाय जामीन भरूच नये. अमेरिकेत इमिग्रेशन खात्याने मुलाचा ताबा मागितलेला असेल, तर फौजदारी जामीन भरताच त्याची रवानगी इमिग्रेशन कोठडीत होऊ शकते आणि पैसे व वेळ दोन्ही जातात. अनेक राज्यांत जामीन एजंट असतात. ते साधारणपणे रकमेच्या दहा टक्के घेतात आणि ती रक्कम परत मिळत नाही. न्यायालयात थेट भरलेली रक्कम मात्र मुलगा सर्व तारखांना हजर राहिल्यास सामान्यतः काही वजावटीनंतर परत मिळते.

भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत पाठवता येते. पॅन लागतो, कारण विचारले जाते आणि ते खरेच सांगावे. वर्षभरात १० लाख रुपयांहून अधिक पाठवल्यास टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो. हवालाच्या वाटेने जाऊ नये. मुलाच्या खटल्यात आपल्या पैशाचा मार्ग तपासला जाऊ शकतो.

वर्गणी आम्ही काढतो, परंतु गटाच्या खात्यात एक रुपयाही घेत नाही. प्रत्येकाने रक्कम थेट पालकांच्या खात्यात द्यावी, पालकांनी ती वकिलाच्या अशिलांसाठी असलेल्या विश्वस्त खात्यात पाठवावी आणि वकिलाची पावती देणाऱ्या प्रत्येकाला दाखवावी, ही आमची अट आहे. हिशेब उघडा असला की दुसऱ्यांदा मागताना मान खाली घालावी लागत नाही. अत्यंत हलाखीच्या स्थितीत भारतीय दूतावासाकडे २००९ पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत, लहान दंड किंवा परतीचे तिकीट यांसाठी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी उत्पन्नाचे पुरावे लागतात.

महाराष्ट्र मंडळे काय मदत करू शकतात?

पुष्कळ, आणि तीही पैशांच्या पलीकडची. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. गणेशोत्सवाच्या निमित्ताने जमणारी ही माणसे संकटात काय करू शकतात, हे देशागणिक बदलते. कॅनडात जामिनासाठी बहुतेक वेळा ‘शुअरिटी’ म्हणजे हमीदार लागतो. तो तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी असावा अशी अपेक्षा असते आणि मुलाने अटी पाळाव्यात याची देखरेख करण्याचे दायित्व तो न्यायालयापुढे स्वीकारतो. ज्याने आपल्या मुलाला कधी पाहिलेही नाही अशा कुटुंबाकडे आपण ही जबाबदारी मागत असतो, याचे भान ठेवून विनंती करावी आणि त्यांनी नकार दिला तर मनात अढी ठेवू नये. अमेरिकेत राहण्याचा निश्चित पत्ता, सुनावणीला प्रेक्षकांच्या बाकावर बसलेली चार ओळखीची माणसे आणि वकिलाने मागितल्यास चारित्र्याविषयीची पत्रे यांचा उपयोग होतो. पत्र लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले तेवढेच लिहावे.

आमची मुलगीच फसवली गेली आहे. प्रवेशपत्र बनावट निघाले. ती आरोपी कशी?

अशा मुलांबद्दल आम्हाला विशेष कळवळा आहे, कारण कायद्याच्या नजरेत फसवणारा आणि फसलेला यांतील फरक सिद्ध करण्याचे ओझे फसलेल्यावर पडते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठ बंद पाडले गेले तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायात पाळतीसाठी रेडिओ पट्टे बांधले गेले. मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ तर इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभे केल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि अटक झालेल्या सुमारे १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्या वेळी भारतीय दूतावासाने चोवीस तासांचा संपर्क क्रमांक सुरू केला आणि तेलुगू संघटनांनी वकील उभे केले. समाजाने काय करावे याचा तो वस्तुपाठ आहे. २०२३ मध्ये कॅनडात एजंटांनी दिलेल्या बनावट प्रवेशपत्रांमुळे पंजाबी विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली, तेव्हा त्यांनी धरणे धरले आणि सरकारने प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्याचे मान्य केले.

एजंटशी झालेला प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फी भरल्याची पावती, ईमेल हे पुसू नये. रागाच्या भरात एजंटच्या कार्यालयात जाऊन भांडू नये. आधी पुरावे नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावेत आणि मग नाशिकमध्ये रीतसर पोलीस तक्रार द्यावी. त्या तक्रारीची प्रत तिच्या तेथील वकिलाला उपयोगी पडते.

विद्यापीठाला कळवावे का?

अटकेमुळे वर्ग चुकत असतील तर कळवावे लागते, कारण हजेरी आणि विषयांची संख्या यांवर व्हिसा टिकतो. मात्र घटनेचा तपशील देऊ नये. विद्यापीठातील सल्लागार कितीही प्रेमळ असला तरी तो वकील नव्हे. पालकांना विद्यापीठ माहिती देत नाही तेव्हा तो उद्धटपणा नसतो. अमेरिकेत सज्ञान विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या नोंदी सांगण्यास १९७४ पासून कायद्याने मनाई आहे.

नातेवाईक आणि पत्रकार विचारतात. काय सांगावे?

“प्रकरण न्यायालयात आहे, वकील पाहत आहेत” एवढेच. आरोपपत्राचा फोटो कोणत्याही कौटुंबिक ग्रुपवर टाकू नये. एका घरातला असा फोटो संध्याकाळपर्यंत तीन तालुक्यांत फिरला, आणि त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने महिनाभर क्लासला जाणे सोडले. आम्ही जे जाणतो ते आमच्या घरातही सांगत नाही.

मुलाने खरोखरच गुन्हा केला असेल, कोणाला इजा झाली असेल, तरीही मदत करता का?

करतो. योग्य वकील, दुभाषा, औषधे आणि घरच्यांशी संपर्क यांचा हक्क दोषी माणसालाही असतो. परंतु पीडित व्यक्तीची बदनामी करणे, तिच्यापर्यंत निरोप पोहोचवणे किंवा मुलाला गुपचूप भारतात परत आणण्याची वाट शोधणे यांत आम्ही सहभागी होत नाही. पीडित मुलगी पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या घरातली असते.

शिक्षा झाली तर ती भारतात भोगता येते का?

काही देशांच्या बाबतीत येते. कैद्यांना मायदेशी पाठवण्याविषयीच्या २००३ च्या कायद्यानुसार, ज्या देशाशी भारताचा करार आहे तेथील भारतीय कैद्याला, त्याची स्वतःची आणि दोन्ही सरकारांची संमती असल्यास, उरलेली शिक्षा भोगण्यासाठी भारतात आणता येते. निकाल अंतिम झालेला असावा लागतो, आणि प्रक्रियेला बराच काळ जातो.

मुलगा पुढच्या महिन्यात जाणार आहे. आत्ताच काय तयारी करावी?

पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि विम्याच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवाव्यात. भारतीय पासपोर्टची पुस्तिका आपल्याच नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते; ती हरवली तर मात्र नवी मिळण्यासाठी तेथील पोलिसांची नोंद आणि दूतावासाच्या फेऱ्या कराव्या लागतात. ‘मदद’ संकेतस्थळावर विद्यार्थी म्हणून नोंदणी करावी. विद्यापीठाने पालकांशी बोलावे यासाठीचे संमतीपत्र पहिल्याच आठवड्यात भरून द्यावे, आणि भारतातील बँक व्यवहारांसाठी एका पालकाच्या नावे मुखत्यारपत्र जाण्यापूर्वीच करून ठेवावे, कारण कोठडीतून ते करणे फार किचकट होते.

आणि दोन फोन क्रमांक तोंडपाठ हवेत, एक घरचा आणि एक त्या देशातील ओळखीच्या माणसाचा. अटक झाल्यावर मोबाइल काढून घेतला जातो आणि आजच्या मुलांना आईचा क्रमांकही पाठ नसतो. आमच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही मोबाइल बाजूला ठेवून हे दोन्ही क्रमांक देशाच्या कोडसह कागदावर लिहायला लावतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा एखादा आकडा चुकतो. मग आई शेजारी बसून तो पुन्हा पुन्हा लिहून घेते.